जुन्या कपड्यांतून 'गॉथ': अमरावती-अकोल्यात काळा पेहराव आणि मेकअप कसा जमवतात?

संक्रांत झाली की वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत काळी साडी धुऊन, घडी करून कपाटाच्या तळाशी जाते. ती पुन्हा बाहेर निघते थेट पुढच्या जानेवारीत. मधले अकरा महिने काळ्या रंगाला फारसा मान नसतो. लग्नात काळं चालत नाही, पूजेला चालत नाही, बारशाला तर नाहीच. त्यामुळे काळं कापड घरात असतं, चांगल्या स्थितीत असतं आणि वापरलं जात नाही.

इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टवर 'गॉथ' नावाचा काळा पेहराव पाहून तो करून बघावासा वाटणाऱ्या मुलामुलींसाठी ही माहिती कामाची आहे. ऑनलाइन दुकानांत असा तयार पोशाख महाग पडतो आणि बऱ्याचदा तो पातळ पॉलिस्टरचा निघतो. पण गॉथची मूळ पद्धत विकत घेण्याची नाहीच. जुनं, दुसऱ्याने टाकलेलं, उसवलेलं घ्यायचं आणि त्याचं काहीतरी वेगळं करायचं, अशीच त्याची सुरुवात झाली.

गॉथ म्हणजे नेमकं काय?

गॉथ ही आधी संगीताची चळवळ आहे, कपडे नंतर आले. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पंक संगीताचा जोर ओसरत होता. त्यातून काही बँड जास्त गडद, संथ, घुमणाऱ्या आवाजाकडे वळले. 'बाउहाउस' या बँडचं 'बेला लुगोसीज डेड' हे गाणं ऑगस्ट १९७९ मध्ये आलं आणि बहुतेक जण गॉथचा आरंभ तिथून मोजतात. बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या चित्रपटात ड्रॅक्युला झालेला नट. 'सूझी अँड द बॅनशीज', 'द क्युअर', लीड्स शहरातला 'सिस्टर्स ऑफ मर्सी' ही त्याच काळातली नावं. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब सुरू झाला आणि तिथे येणाऱ्यांच्या पोशाखाने या मंडळींना ओळखीचं रूप दिलं.

त्या पोशाखात पैसा नव्हता. फाटके जाळीदार स्टॉकिंग्ज, सेफ्टी पिना, धर्मादाय संस्थांच्या दुकानांतले जुने कोट, आजीच्या काळातली लेस. काळ्या रंगामागे व्हिक्टोरियन काळातल्या सुतकाच्या कपड्यांचीही आठवण होती. पती अल्बर्ट १८६१ मध्ये वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने १९०१ मध्ये मरेपर्यंत काळेच कपडे घातले. तिच्यामुळे काळे झगे, काळी लेस आणि 'जेट' नावाच्या काळ्या खनिजाचे दागिने इंग्लंडमध्ये रूढ झाले होते. तेच कपडे शंभर वर्षांनी जुन्या बाजारात आले आणि या पोरांनी उचलले.

गॉथ म्हणजे सैतानपूजा नाही. हा कुठला पंथही नाही. हेवी मेटलचा काळा टी-शर्ट आणि गॉथ यांतही फरक आहे. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'सारख्या महोत्सवांमुळे मेटल-रॉकचा काळा टी-शर्ट महाराष्ट्राला ओळखीचा झाला, पण गॉथ त्यापेक्षा जास्त नाटकी आहे. लेस, मखमल, झालरी, गडद डोळे. आपल्याकडे त्याची भावंडं शोधायची तर रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये किंवा नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या भयकथांत सापडतील. भीतीत सौंदर्य पाहण्याची हौस मराठी वाचकाला नवी नाही.

कपडे कुठून आणायचे?

अमरावती किंवा अकोल्यात 'थ्रिफ्ट स्टोअर' अशी पाटी शोधत फिरण्यात अर्थ नाही. पण जुन्या कपड्यांचा व्यवहार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बाई, जिला पुण्या-मुंबईकडे बोहारीण म्हणतात आणि इकडे साधं भांडेवाली, ती याच साखळीचा पहिला दुवा. तिने जमवलेले कपडे निवडले जातात, धुऊन-इस्त्री करून, बटणं लावून पुन्हा बाजारात येतात. आठवडी बाजारात जमिनीवर चादर अंथरून लावलेले ढीग बऱ्याचदा असेच आलेले असतात. ढिगात हात घालताना रंगाकडे नव्हे, कापडाकडे बघावं. मखमल, सॅटिन, जाळी, लेस, जाड कॉटन जे हाताला लागेल ते वेगळं काढावं. रंग नंतर बदलता येतो, पोत बदलता येत नाही.

इन्स्टाग्रामवर २०२० च्या लॉकडाउननंतर जुने कपडे विकणारी अनेक खाती निघाली, त्यातली कितीतरी ईशान्य भारतातली आहेत. तिथे विदेशी जॅकेट-कोट मिळतात, मात्र मापं परदेशी असतात आणि परत घेण्याची सोय सहसा नसते. छाती, खांदा आणि लांबी इंचांत विचारूनच पैसे द्यावेत.

सगळ्यात स्वस्त दुकान अर्थात घर. आईची काळी साडी, काळा परकर, वडिलांचा लग्नातला ब्लेझर, मोडकी छत्री, काकूचं मखमली ब्लाउज, शाळेचे काळे बूट. ओळखीत कुणी वकील असेल तर विटून तपकिरी झालेला काळा कोट सहज मिळतो, आणि तो अंगावर येताच अर्धं काम होतं. बुरख्याचं कापड विकणारी दुकानं दोन्ही शहरांत आहेत. काळ्या कापडाच्या जितक्या तऱ्हा तिथे मिळतात तितक्या इतर दुकानांत क्वचितच दिसतात. एखादा तुकडाच विकत घ्यायचा असेल तर तिथे विचारावं, शिल्लक कापड कमी भावात मिळू शकतं.

एका ठिकाणाहून मात्र कपडे उचलू नयेत. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ मध्ये सुरू झालेली कल्पना पुढे 'माणुसकीची भिंत' या नावाने महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत आली. नको असलेले कपडे टांगायचे, गरज असेल त्याने न्यायचे. हौसेसाठी तिथला कोट नेला तर तो थंडीत कुणाला तरी कमी पडतो. आपले उरलेले कपडे तिथे टांगायला जावं, आणायला नाही.

'मेलेल्याचे कपडे' ही भीती

जुना कपडा म्हटलं की घरातून एक शंका हमखास येते: कुणाचा असेल, गेलेल्या माणसाचा तर नसेल? आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाकण्याची पद्धत आहे, म्हणून ही शंका अगदी बिनबुडाची नाही. गॉथ आवडणाऱ्याला त्यात गंमत वाटेल, आजीला वाटणार नाही. घरात ढिगातला कपडा आणायचाच असेल तर आधी धुवावा, मग दाखवावा.

धुण्याचं कारण भुताखेतांपेक्षा खरजेचं जास्त आहे. खरजेचे किडे कपड्यात काही काळ जिवंत राहतात. ५० अंशांपेक्षा गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्यावर ते मरतात. मखमल, लोकर, लेस असं गरम पाण्यात न चालणारं कापड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर ठेवावं. माणसाच्या अंगाशिवाय ते किडे तेवढे दिवस तगत नाहीत. त्यानंतर साधं धुणं पुरेसं.

काळा रंग कसा चढवायचा?

वऱ्हाडी बोलीत 'काळा'चा 'काया' होतो, आणि रंगारी बसला तर एका 'काया'त दहा छटा निघतात. आधी कापड ओळखावं. आतल्या शिवणीतून एक धागा ओढून, चिमट्यात धरून पेटवावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली तर सुती किंवा व्हिस्कोस. वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन.

सुती कापड घरी रंगवता येतं. बाजारात मिळणारी रंगाची पुडी मीठ घालून उकळत्या पाण्यात वापरायची असते. त्याहून पक्का रंग हवा तर 'रिअ‍ॅक्टिव्ह' रंग धुण्याच्या सोड्यासोबत वापरतात, त्याला उकळावं लागत नाही. घरी पसारा नको असेल तर साडीचे फॉल आणि ओढण्या रंगवून देणारे रंगारी आहेतच, ते काळा करून देतात. पॉलिस्टरच्या नादी लागू नये. त्याचा रंग पक्का बसायला कारखान्यात दाबाखाली सुमारे १३० अंश तापमान लागतं, घरातल्या पातेल्यात ते होत नाही. पॉलिस्टर घ्यायचं तर आधीच काळं असलेलं घ्यावं.

रंगवल्यावर एक अडचण दिसते. कापड काळं होतं, पण शिवणीचा दोरा पांढराच राहतो, कारण तो बहुधा पॉलिस्टरचा असतो. शर्टवर हे खटकतं, गॉथमध्ये मात्र ती पांढरी टाक्यांची रेघ शोभते. तशीच ठेवावी.

रसायन नको असेल तर एक जुनी देशी रीत आहे, कलमकारी करणारे अजून ती वापरतात. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात दोन-तीन आठवडे झाकून ठेवायचं. वास येतो, म्हणून गच्चीवर. दुसरीकडे हिरड्याच्या पाण्यात सुती कापड भिजवून वाळवायचं. हिरडा मेळघाटच्या जंगलात होतो आणि काष्टौषधीच्या दुकानात मिळतो. ते पिवळट कापड लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत करडं, मग काळं होत जातं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांची ही क्रिया आहे, जुनी शाई याच तत्त्वावर बनत असे. दोन-तीनदा बुडवून वाळवलं की रंग गडद होतो. मात्र लोह वर्षानुवर्षं सुती धागा कुरतडतं. आजीच्या लुगड्यावर हा प्रयोग करू नये, जुन्या चादरीच्या स्कर्टवर बिनधास्त करावा.

उलटा प्रयोगही होतो. काळ्या सुती कापडावर घरातलं ब्लीच पाण्यात मिसळून ब्रशने लावलं तर तिथला रंग उडून गंजासारखी नारिंगी नक्षी येते. कोळ्याचं जाळं, वटवाघळं, हाडं जे हवं ते काढता येतं. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कात्री लावण्याआधी

साडीला कात्री लावण्याआधी आईला विचारावं. संक्रांतीची चंद्रकळा, म्हणजे तांबड्या काठाची ती काळी साडी, एखाद्या घरात पहिल्या सणाची असते आणि कापल्यावर कोणतीही फॅशन ते भांडण मिटवू शकत नाही. न कापताही काम भागतं. साडीच्या निऱ्या कमरपट्ट्यात अडकवून, पदर मागे सेफ्टी पिनांनी लोंबता ठेवला की पायघोळ स्कर्ट तयार होतो आणि संध्याकाळी साडी परत कपाटात जाते.

मोडक्या छत्रीवर मात्र कुणाचा जीव नसतो. मोठ्या छत्रीचं कापड साधारणपणे आठ त्रिकोणी पाकळ्यांचं असतं. काड्यांना बांधलेले दोरे उसवून कापड मोकळं करायचं आणि मधोमध गोल कापायचा. २८ इंच कमरेसाठी साधारण साडेचार इंच त्रिज्येचा गोल लागतो. पण तेवढ्याच घेरातून स्कर्ट नितंबांवरून चढणार नाही, म्हणून एका शिवणीवर सात-आठ इंच उसवून तिथे हुक लावावेत. मोठ्या छत्रीत गुडघ्यापर्यंतची लांबी मिळते आणि कडेला आपोआप टोकं येतात, वटवाघळाच्या पंखांसारखी. हे कापड हवा खेळू देत नाही, त्यामुळे खाली सुती परकर हवाच.

जुनं मखमली ब्लाउज कॉर्सेटसाठी जणू आधीच शिवलेलं असतं, कारण ते समोरूनच उघडतं. हुक काढून दोन्ही कडांना धातूची आयलेट ठोकून घ्यावीत. चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे त्याचा ठोकणा असतो आणि काम दहा मिनिटांचं असतं. आयलेटखाली बकरमची पट्टी घातली नाही तर मखमल फाटते. मग बुटाची काळी लांब नाडी आडवी-तिडवी ओवायची. ताठपणा हवा असेल तर खोक्यांना बांधलेली प्लास्टिकची पॅकिंग पट्टी शिवणीत सरकवता येते. हे ब्लाउज सैल पांढऱ्या शर्टवर किंवा काळ्या कुर्त्यावर घालतात. श्वास कोंडेल इतकं आवळायचं नाही.

जाळीदार बाह्यांसाठी जुने स्टॉकिंग्ज घ्यावेत. मधल्या शिवणीत डोकं जाईल इतकं भोक, पायाची टोकं कापून त्यातून हात बाहेर. पंक काळापासून चालत आलेली ही सर्वांत सोपी करामत आहे. स्टॉकिंग्ज नसतील तर नेटची काळी ओढणी, तीही नसेल तर फाटकी मच्छरदाणी रंगवून पाहावी, मात्र मच्छरदाणी पॉलिस्टरची असली तर वरचाच नियम लागतो.

मुलांसाठी वकिली कोट किंवा ब्लेझर हा पाया. बाह्या कोपरापर्यंत उसवून सेफ्टी पिनांनी परत जोडायच्या, कॉलरला जुन्या साडीचा रुपेरी काठ, पाठीवर ठिगळ. एवढ्यावर पोशाख उभा राहतो. पायांत एमआयडीसीतल्या कामगारांचे जुने सेफ्टी शूज पॉलिश करून वापरले तर महागड्या बूटांची उणीव भासत नाही.

ठिगळाबद्दल वऱ्हाडात एक वेगळीच आठवण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांचा शिवलेला अंगरखा घालून हिंडत, लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत. त्यांच्या नावाने आज अमरावतीचं विद्यापीठ ओळखलं जातं. बाबांच्या चिंध्या वैराग्याच्या होत्या, त्यांना फॅशनच्या रांगेत बसवण्याचं कारण नाही. पण ज्या भागाने चिंध्या घातलेल्या माणसाच्या पायाशी डोकं ठेवलं, तिथे ठिगळ लावलेला कोट म्हणजे दारिद्र्याची लाज, असं म्हणणं जरा जड जातं.

धातूचं सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: वॉशर, किल्ल्यांच्या कड्या, बारीक साखळी. सायकलची जुनी चेन वापरायची तर आधी सोड्याच्या पाण्यात उकळून तेल काढावं. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी गळ्याशी धातू न ठेवता मखमलीची पट्टी बांधावी. मंगळसूत्रात ओवतात ते काळे मणी सरीने मिळतात आणि चोकरला सुंदर दिसतात, मात्र कुमारिकेच्या गळ्यात काळी पोत पाहून घरात काय ऐकावं लागेल ते आधीच गृहीत धरावं. क्रॉस किंवा कुठल्याही धर्माचं चिन्ह उलटसुलट करून घालण्याची पाश्चात्त्य गॉथमधली टूम इथे आणू नये. त्यात बंड कमी आणि शेजाऱ्याला दुखावणं जास्त होतं.

मेकअप: गोरं व्हायचं नाही

गॉथ मेकअप म्हणजे पांढराफटक चेहरा, अशी समजूत आहे. ती अर्धवट आहे. तो पांढरेपणा मूकपटातल्या पिशाचांचा, नाटकी प्रेताचा होता. भारतात मात्र त्याला गोरेपणाच्या क्रीमचा जुना इतिहास चिकटतो. सावळ्या मुलीने तीन छटा उजळ फाउंडेशन थापलं तर चेहरा भुताचा दिसत नाही, पार्लरमधून नुकताच आल्यासारखा करडा दिसतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या कितीतरी गॉथ मंडळींनी तो पांढरा थर सोडूनच दिला आहे. स्वतःच्या रंगाचा बेस, त्यावर पावडर, आणि सारा जोर डोळे नि ओठांवर. सावळ्या रंगावर गडद मरून, जांभळा, बाटलीहिरवा आणि रुपेरी फार खुलतात.

डोळ्यांचं मुख्य साहित्य तर आपल्याच घरचं. युरोप-अमेरिकेला काजळाने रेखलेले डोळे इजिप्त आणि पूर्वेकडून कळले. १९१७ च्या 'क्लिओपात्रा' मूकपटात थीडा बाराचे डोळे तसे रंगवले होते, आणि सूझीने १९७० च्या दशकात ओढलेल्या जाड रेघांतही तीच इजिप्शियन छटा होती. वरच्या-खालच्या पापण्यांना जाड काजळ, ते बोटाने किंवा कापसाच्या काडीने बाहेर पसरवायचं, वरून मरून किंवा काळा आयशॅडो दाबायचा, म्हणजे काजळ उतरत नाही. बाहेरच्या टोकाला हवी तर लांब रेघ. काळी लिपस्टिक मिळाली नाही तर काजळ पेन्सिलीने ओठ भरून त्यावर गडद मरून लिपस्टिक लावतात. नुसत्या काळ्यापेक्षा तो रंग जिवंत दिसतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण धोका खरा आहे. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या काही सुरम्यांत गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज असतं, आणि शिसं शरीरात साठत जातं. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला भारतात मनाई आहे, पण ती सुट्ट्या डबीवर कोण तपासणार? उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेलं काजळच घ्यावं. एकच पेन्सिल मैत्रिणींनी फिरवून वापरू नये, डोळे येण्याची साथ अशीच पसरते. होळीचा रंग, पोस्टर कलर, मार्कर आणि केसांचा काळा रंग चेहऱ्यावर लावू नये. केसांच्या रंगात आणि 'काळी मेहंदी'त पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने त्वचेवर फोड येतात आणि डोळ्यांजवळ ते फारच घातक ठरतं. पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या लेन्स नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय डोळ्यांत घालू नयेत. बुबुळाला झालेला संसर्ग कायमची नजर नेऊ शकतो.

गॅदरिंगच्या नाटकांसाठी मेकअप करणाऱ्यांकडे झिंक ऑक्साइडचा सफेदा असतो. पांढरा चेहरा हवाच असेल तर तो बरा, आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावा.

४५ अंशांत काळे कपडे?

अकोला देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत मोडतं. मे २०२४ च्या शेवटी पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे कलम १४४ लागू केलं होतं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत वकिलांनाही काळ्या कोटाची सक्ती नसते. तेव्हा मखमली कॉर्सेट घालून दुपारी गांधी रोडवर फिरण्याचा हट्ट कुणी करू नये.

तरी काळं म्हणजे गरम, हे गणित पूर्ण बरोबर नाही. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला होता. काळा झगा जास्त ऊन शोषतो हे खरं निघालं, पण झगा सैल असल्याने आत हवा खेळते आणि अंगापर्यंत पोचणारी उष्णता काळ्या-पांढऱ्या झग्यांत जवळपास सारखीच राहते. म्हणजे उन्हाळ्यात सैल, सुती, पायघोळ. अंगाला चिकटणारं, मखमली, छत्रीच्या कापडाचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. संक्रांतीला काळं नेसण्यामागे थंडीत ऊब मिळते हे कारण सांगतात, ते इथेही लागू आहे.

फोटोंसाठी पावसाळ्यात चिखलदरा गाठणारे खूप. धुक्यातला गाविलगड गॉथला हवा तसाच दिसतो. हा संरक्षित किल्ला आहे, तटावर चढून धुक्यात पोज देण्यात जीव जाऊ शकतो, आणि भिंतींवर काही लिहिणं गुन्हा आहे. अचलपूरजवळचा हौज कटोरा आणि अकोल्यातला असदगडही चांगली जागा आहे, शिवाय घरापासून जवळ.

घरी आणि रस्त्यावर

"काय वं पोरी, हे कायंकुट्ट काऊन घातलं?" हा प्रश्न येणारच. तो बहुतेक वेळा रागाचा नसतो, काळजीचा असतो. काळजीला एक आधारही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २०१५ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त ब्रिटनमधल्या ३,६९४ किशोरवयीन मुलांचा अभ्यास आला. पंधराव्या वर्षी स्वतःला ठामपणे गॉथ म्हणवणाऱ्यांत अठराव्या वर्षी नैराश्य आढळण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होतं. पण कपड्यांमुळे नैराश्य येतं असं संशोधकांनी म्हटलं नाही. आधीच एकटी पडलेली मुलं अशा गटाकडे ओढली जात असतील, तिथे त्यांना आपली माणसं भेटत असतील, असाही अर्थ निघतो. घरच्यांनी बघायचं ते हे: मूल बोलतं का, जेवतं का, झोपतं का. पोशाख काळा असून हे सगळं ठीक असेल तर काळजीचं कारण नाही. हे बिघडलं असेल तर रंग कुठलाही असो, बोलायला हवं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे.

रस्त्यावरचा धोका वेगळा. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधल्या बेकप गावातल्या बागेत सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र यांना टोळक्याने मारहाण केली, केवळ ते गॉथ दिसत होते म्हणून. सोफी वाचली नाही. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलीस अशा पेहरावावरून होणाऱ्या हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हा म्हणून करतात. जिथे ही चळवळ जन्मली तिथे हे घडलं.

अमरावती-अकोल्यात आजवर वेगळं दिसणाऱ्या मुलीला मुख्यतः बोल ऐकावे लागतात, गाडी हळू करून पाहणारे भेटतात, फोटोखाली घाणेरड्या कमेंट येतात. मुलगा काजळ लावून निघाला तर त्याच्या वाट्याला आणखी वेगळी टिंगल येते. पहिल्यांदा पूर्ण पेहराव करायचा तो दोघाचौघांनी मिळून, उजेडी जागी, दुचाकी जवळ ठेवून. कॉलेजात गणवेश असेल तर बांगड्या, अंगठ्या, डोळ्यांची बारीक रेघ एवढ्यावरच भागवणारे खूप आहेत, गॉथ असायला सोमवार ते शनिवार कॉर्सेट लागत नाही. फोटो टाकताना मागे घराची पाटी, गाडीचा नंबर, कॉलेजचं फाटक दिसत नाही ना हे पाहावं. धमकी आली तर कमेंट पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा, तक्रारीला तोच लागतो. रस्त्यात अडवणूक झाली तर ११२.

लग्नाच्या मांडवात मात्र माघार घेतलेली बरी. तिथे काळं घालून कुणाला काही पटवून देता येत नाही, नवरी-नवऱ्याच्या आईचा दिवस तेवढा खराब होतो. मरून किंवा गडद जांभळा शालू आणि रुपेरी ऑक्सिडाइज्ड दागिने, यात दोन्ही बाजूंचं भागतं.

घरी परतल्यावर

काजळ रगडून काढू नये. खोबरेल तेल कापसाला लावून बंद पापणीवर अर्धा मिनिट ठेवलं की ते सुटतं, मग सौम्य फेसवॉश. मेकअपसकट झोपलं तर दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात.

घरी रंगवलेले कपडे पहिले तीन-चार धुणे वेगळ्या बादलीत, गार पाण्यात धुवावेत. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने सुटणारा रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण रंगवून झाल्यावर मीठ तो थांबवत नाही. जादा रंग निघून जाईपर्यंत धुणं हाच उपाय. काळं नेहमी उलटं करून सावलीत वाळत घालावं. वऱ्हाडातल्या उन्हात गच्चीवर दोन दुपारी विसरलं, तर रंगाऱ्याकडे परत जावं लागतं.